दवाखान्यातले औषधाचे दुकान : काटा कोणाच्या हाती?



ऊस तुटून गेला, वजन झाले, पावती हातात आली, की आपण पहिल्यांदा आकडे बघतो. भरल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, वजावट किती, निव्वळ टनेज किती. शंका आली तर थेट काट्यावर जाऊन विचारतो, आणि हक्काने विचारतो; कारण कारखाना आपला आहे. तोच सभासद घरचे माणूस शहरातल्या दवाखान्यात ॲडमिट करतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या औषध दुकानातून दिवसाला चार-चार बिले आणतो आणि एकही वाचत नाही. घडी घालून खिशात ठेवतो. सुट्टी मिळण्याच्या दिवशी बिलांची पिशवी भरलेली असते आणि उसाचा हप्ता त्या पिशवीत गेलेला असतो.

'अडला हरी' अशी आपली गत दवाखान्यात होते, हे खरे. पण निम्मे अडणे आजारामुळे असते आणि निम्मे माहिती नसल्यामुळे. आजारपणाचे आपण काही करू शकत नाही. माहितीचे करू शकतो. दवाखान्याच्या आतले औषध दुकान कसे चालते, तिथे पैसा कुठून कुठे जातो, कायदा काय सांगतो आणि आपल्या सहकाराला यात काय करता येईल, एवढे चार मुद्दे आम्ही या लेखात सभासदांपुढे ठेवत आहोत.

दुकान आत असावेच

आधी एक गोष्ट मान्य करू. दवाखान्याच्या आत औषधाचे दुकान असणे ही रोग्याची सोय आहे. रात्री दोन वाजता ऑपरेशन निघाले, तर नातेवाइकाने गावभर शटरे ठोठावत हिंडावे काय? काही इंजेक्शने ठराविक थंडाव्यातच ठेवावी लागतात. ती बाजारातून पिशवीत घालून उन्हातून आणली तर उपयोगाची राहत नाहीत.

आपल्या फडातलेच उदाहरण घ्या. तोडणीच्या दिवसांत पाचटात साप निघतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर चालणारे एकच इंजेक्शन आपल्या देशात बनते. पण ते एका बाटलीवर भागत नाही. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात, पुढे आणखीही लागू शकतात. अशा वेळी मिनिटा-मिनिटाला किंमत असते. औषध त्याच इमारतीत असले तर माणूस वाचतो. सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन मोफत मिळते, हेही सभासदांनी आणि तोडणी मुकादमांनी ध्यानात ठेवावे. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

म्हणून दुकान आत असावे की नसावे, हा वादच नाही. ते कोणाच्या फायद्यासाठी चालते, एवढाच प्रश्न आहे.

दोन खिडक्या, दोन हिशेब

दवाखान्यात औषध मिळण्याच्या दोन जागा असतात आणि आपली माणसे त्या दोन्ही एकच समजतात.

पहिली, सरकारी दवाखान्यातली औषध वाटपाची खिडकी. तिथे विक्री नाही. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे आहेत, ती या निर्णयात नव्हती.

दुसरी जागा म्हणजे खाजगी दवाखान्यातले दुकान. हे परवानाधारक किरकोळ दुकान असते, तुमच्या पेठेतल्या मेडिकलसारखेच. काही ठिकाणी ते दवाखान्याच्याच मालकीचे असते. काही ठिकाणी गाळा बाहेरच्या औषध विक्रेत्याला दिलेला असतो. तो डिपॉझिट भरतो, महिन्याला भाडे किंवा विक्रीतला हिस्सा देतो. हे पैसे तो कुठून काढणार? अर्थातच गिऱ्हाइकाकडून. गिऱ्हाईक म्हणजे खाटेवर पडलेला आपला माणूस.

यात एक तिसरी गोष्ट मिसळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेच्या यादीतला आजार असेल आणि दवाखाना योजनेत असेल, तर उपचाराचे जे पॅकेज ठरलेले असते त्यात ॲडमिट असतानाची औषधेही धरलेली असतात. तेव्हा कार्डावर उपचार चालू असताना वर आणखी औषधाची चिठ्ठी हातात दिली, तर पहिल्यांदा दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठावे आणि विचारावे, "हे पॅकेजमध्ये नाही का?" या एका प्रश्नाने पुष्कळदा चिठ्ठी मागे फिरते.

छापील किंमत म्हणजे रास्त किंमत नव्हे

आपला सर्वसाधारण समज असा की, पाकिटावर किंमत छापली आहे आणि दुकानदाराने तेवढीच घेतली, म्हणजे व्यवहार सरळ झाला. कायद्याने तो सरळ आहेही. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही आणि त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. पण ती किंमत छापली कोणी, हे बघायला पाहिजे.

औषधांचे दोन गट आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांवर सरकार कमाल किंमत बांधून देते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे ही किंमत काढताना किरकोळ दुकानदारासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो. यादीबाहेरच्या औषधांचे तसे नाही. त्यांची पहिली किंमत कंपनी आपल्या मनाने ठरवते. पुढे बारा महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन. म्हणजे पहिल्यांदाच चढी किंमत छापली, की पुढचे बंधन असून नसल्यासारखे.

आता बाजाराची गंमत पहा. इतर मालात मोठा खरेदीदार आला की भाव उतरतो. दवाखान्याच्या दुकानात मोठा खरेदीदार आला की छापील भाव चढतो! कारण विकत घेणारा वेगळा आणि पैसे भरणारा वेगळा. मोठा दवाखाना कंपनीला सांगतो, "माल आम्हांला स्वस्तात द्या आणि पाकिटावर किंमत जास्त छापा." समजा, सलाईन लावायच्या एखाद्या वस्तूची खरेदी १० रुपये आणि छापील किंमत १०० रुपये आहे. दुकानदार १०० घेतो. बिल पक्के, कायदा शाबूत, खिसा मात्र रिकामा.

ही आमच्या मनची कथा नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली आणि परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी प्रसिद्ध केली. औषधे, एकदाच वापरायच्या वस्तू आणि तपासण्या यांवर काही बाबतींत १७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे त्यात दिसले. एकूण बिलाचा जवळजवळ निम्मा भाग या तीन बाबींचाच होता. चढी किंमत छापून घेण्यामागे मोठ्या प्रमाणावर खरेदी करणारी रुग्णालयेच आहेत, हेही प्राधिकरणाने नोंदवले. मातब्बर माणसांच्या दवाखान्यांची ही गोष्ट. मग शेतकऱ्याची काय कथा!

सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचाही दाखला आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी स्टेंटला त्याआधी लाखाच्या घरात किंवा त्याहूनही वर पैसे मोजावे लागत. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली, कर वेगळा. वस्तू तीच, बसवणारे डॉक्टर तेच. फक्त काट्यावर सरकारचा माणूस उभा राहिला.

साखर तीच, पुडके वेगळे

औषधाचे मूळ नाव आणि कंपनीचे नाव यांत फरक असतो, हे आता पुष्कळांनी ऐकले आहे. पण मनातली शंका जात नाही. "स्वस्तातलं औषध म्हणजे हलकं असणार," असे घरची वडीलधारी माणसे म्हणतात.

आपल्या गोदामाकडे बघा. एम-३० प्रतीची साखर पोत्यात भरून टेंडरने जाते. तीच साखर शहरात कुणीतरी रंगीत पुडक्यात भरतो, वर चकचकीत नाव छापतो आणि जास्त भावाने विकतो. पुडक्यातली साखर पोत्यातल्या साखरेपेक्षा गोड लागते काय? रक्तदाबावरचे अम्लोडिपिन, साधारण मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, तापावरचे पॅरासिटामॉल यांचेही असेच आहे. मूळ औषध एकच, नावे शंभर आणि किमतीही शंभर.

पोत्यातल्या साखरेची प्रत मात्र तपासावी लागते, तशी औषधाचीही तपासावी लागते. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेत जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांप्रमाणे प्रमाणित कारखान्यांतूनच माल घेतला जातो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येक बॅच तपासूनच दुकानांत पाठवली जाते. बाजारातल्या नामांकित औषधांपेक्षा ही औषधे ५० ते ९० टक्क्यांनी स्वस्त पडतात, असे सरकार सांगते. ज्याला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी जन्मभर घ्यायची आहे, त्याने हा फरक वर्षाच्या हिशेबात मांडून पाहावा.

इथे एक मेख आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले असेल, तर 'एच' अनुसूचीतले औषध दुकानदाराला स्वतःच्या मर्जीने बदलून देता येत नाही. औषध नियमावलीतच तशी मनाई आहे. म्हणजे किल्ली दुकानदाराकडे नसून डॉक्टरांकडे आहे. आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली सुधारणा होऊन औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहावे, असे सांगितलेले आहे. तेव्हा नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्याल का? जनऔषधीतनं घेईन म्हणतो." यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. फेफरे, थायरॉईड, रक्त पातळ करण्याची औषधे अशा काही बाबतींत मात्र चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

"इथूनच घ्या" असे म्हणता येते का?

सभासदांच्या बोलण्यात सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. बाहेरून औषध आणले तर "हे चालणार नाही, खालूनच आणा," असे ऐकावे लागते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. औषध कुठून घ्यायचे आणि तपासणी कुठे करायची, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. दवाखान्याच्या दुकानातूनच औषध घेण्याची सक्ती होते आणि तिथे जादा किंमत मोजावी लागते, अशी ती याचिका होती. न्यायालयाने ४ मार्च २०२५ रोजी ती निकाली काढली. देशभर एकच बंधन न घालता, रुग्णांची पिळवणूक होणार नाही असे धोरण राज्यांनी ठरवावे, असे सांगितले. त्यानंतर २०२५ च्या मध्यास आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दवाखान्यातल्या औषध दुकानांना फलक लावण्यास सांगितले. औषध इथूनच घेणे बंधनकारक नाही, अशा अर्थाचा तो फलक आहे.

दवाखान्याचीही एक बाजू असते. बाहेरून आलेल्या इंजेक्शनची खात्री कोण देणार, ते नीट थंड ठेवले होते का, बॅच कोणती, ही त्यांची काळजी रास्त आहे. अतिदक्षता विभागात माणूस असताना दुकानाचा वाद घालत बसणेही शहाणपणाचे नाही. म्हणून आमचे सांगणे असे : तातडीचे औषध आतूनच घ्या. पण ठरवून करायच्या ऑपरेशनची औषधे आणि सुट्टीनंतरच्या महिन्याभराच्या गोळ्या यांना घाई नसते. तिथे पक्के बिल, बॅच नंबर आणि मुदत दाखवून बाहेरचे औषध आणण्याचा आपला हक्क आहे, आणि तो वापरावा.

बिल वाचण्याची सहा कलमे

१. प्रत्येक खरेदीचे छापील बिल घ्या. त्यावर रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषधाचे नाव, नग, बॅच नंबर, मुदत आणि किंमत पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका.

२. बिलातला बॅच नंबर आणि पाकिटावरचा बॅच नंबर जुळवून पहा. यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही, आकडे ओळखता आले की पुरे. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर हे काम त्याला द्या.

३. दिवसाच्या शेवटी नर्सबाईंना विचारून आज काय काय वापरले, ते वहीत टिपून ठेवा. हातमोजे, सुया, सलाईनच्या नळ्या यांची संख्या बिलाशी ताडून पहा.

४. न वापरलेला, सील न फोडलेला माल सुट्टीच्या आधी दुकानात परत करा आणि पैसे वळते करून घ्या. थंडाव्यात ठेवायची औषधे बहुधा परत घेत नाहीत, म्हणून ती लागतील तेवढीच आणा.

५. गोळीची किंमत जास्त वाटली तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या मोबाईल ॲपवर पहा. बांधून दिलेली किंमत तिथे दिसते.

६. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, बिल नाकारले, मुदत संपलेले औषध दिले, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यांचा विनामूल्य दूरध्वनी १८००२२२३६५ हा आहे. तक्रारीला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ते बिलच.

दुकान आपले असेल तर

इथवर झाले ते एकट्या गिऱ्हाइकाने करायचे. पण एकट्याने किती भांडायचे? साखरेच्या धंद्यात आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. गूळ व्यापाऱ्याच्या काट्यावर किती मरायचे, असे म्हणत न बसता त्यांनी शेअर्स गोळा केले आणि काटाच आपल्या मालकीचा केला. औषधाच्या बाबतीतही हे इतर राज्यांत झालेले आहे.

राजस्थानात सरकारी रुग्णालयांच्या आवारात सहकारी उपभोक्ता भांडारांची औषध दुकाने पूर्वीपासून चालत आली आहेत. चित्तोडगडचे त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. समित शर्मा यांनी मूळ नावाची औषधे टेंडर काढून खरेदी केली आणि या सहकारी दुकानांतून विकायला ठेवली. डॉक्टरांनी मूळ नावाने लिहायचे आणि लोकांनी आपल्या दुकानातून घ्यायचे, अशी ती घडी बसली. तो अनुभव पुढे राज्याला उपयोगी पडला आणि २ ऑक्टोबर २०११ रोजी राजस्थानने सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली.

तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि सरकारी दवाखान्यांची खरेदी एका हाती आणली. विक्रीच्या बाजूला २०१४ साली सहकारी संस्थांमार्फत 'अम्मा मरुंदगम' ही स्वस्त औषधांची दुकाने निघाली. २०२५ च्या फेब्रुवारीत 'मुदलवर मरुंदगम' नावाने आणखी १००० दुकाने उघडली, त्यांत सहकारी संस्थाही आहेत आणि फार्मसी शिकलेले तरुणही. केरळात ग्राहक सहकारी महासंघाची 'नीती' औषध दुकाने आहेत, तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात सरकारी महामंडळाची 'कारुण्य' दुकाने आहेत.

आपल्याकडेही पाया आहे. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली ग्राहक सहकार सुरू केला, त्याचाच पुढे 'अपना बाजार' झाला. वारणानगरला साखर कारखान्याच्या परिसरात वारणा बाजार उभा राहिला. लोणीला आणि कराडला सहकारी साखर कारखानदारीच्या प्रेरणेतून मोठी रुग्णालये उभी राहिली. ज्या सहकाराने रुग्णालय उभे केले, त्याला औषधाचे दुकान जड जाण्याचे कारण नाही.

आणि आता तर दारच उघडलेले आहे. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या २००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना जनऔषधी केंद्र चालवू देण्याचा निर्णय जाहीर केला. प्राथमिक कृषी पतसंस्था म्हणजे आपल्या गावची विविध कार्यकारी सोसायटी. त्या वेळी जाहीर झालेल्या अटी अशा : जागा किमान १२० चौरस फूट, स्वतःची किंवा भाड्याची, फार्मसीची पदविका किंवा पदवी असलेला माणूस, अर्जाची फी ५,००० रुपये, आणि केंद्राला पुढे खरेदीच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने ५ लाखांपर्यंत प्रोत्साहन रक्कम. याशिवाय औषध विक्रीचा परवाना लागतो तो वेगळा.

धोके ओळखूनच पाऊल टाकावे

सभासदांना नुसते गोड चित्र दाखवणे बरे नव्हे. जनऔषधीचे पहिले दुकान २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरच्या सरकारी रुग्णालयात उघडले. त्यानंतर सहा वर्षे गाडा रुतूनच होता. २०१४ साली देशभरात जेमतेम ८० दुकाने चालू होती. माल वेळेवर येत नसे, फळ्या रिकाम्या राहत आणि डॉक्टर कंपनीचे नाव लिहीत. पुढे पुरवठ्याची व्यवस्था लागली आणि २०२५ सालापर्यंत दुकानांची संख्या १५,००० च्या वर गेली. यातून आपण चार गोष्टी शिकाव्यात.

पहिली गोष्ट जागेची. स्वस्त औषध विकणाऱ्या दुकानाला नफा थोडा. जनऔषधी केंद्राला विक्री किमतीवर २० टक्के मिळतात. समजा, महिन्याला १ लाखाची विक्री झाली तर हाती २० हजार. त्यात फार्मासिस्टचा पगार, वीज, फ्रीज आणि वाहतूक भागवायची. म्हणून लोक मुळातच जिथे येतात तिथेच दुकान पाहिजे : दवाखान्याच्या आवारात, ग्राहक भांडारात किंवा बाजाराच्या दिवशी वर्दळ असते अशा सोसायटीच्या गाळ्यात. माळावरच्या रिकाम्या इमारतीत टाकलेले दुकान वर्षभरात बंद पडेल.

दुसरी गोष्ट फार्मासिस्टची. कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यायचे असते. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच पोऱ्या, हा प्रकार सहकारात तरी नको. जंतुनाशकांसारख्या काही औषधांसाठी २०१४ पासून 'एच-१' नावाची वेगळी अनुसूची लागू आहे. त्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. आपल्या भागात फार्मसी शिकलेली मुले-मुली पुष्कळ आहेत, त्यांना गावातच काम मिळेल.

तिसरी गोष्ट उधारीची. आपली किती भांडारे उधारीने बुडाली, ते सर्वांना ठाऊक आहे. "हप्ता निघाला की देतो" या वायद्यावर औषधाचे दुकान चालत नाही, कारण औषधाला मुदत असते आणि मुदत संपली की माल राख. संचालकाचा पाहुणा असो की चेअरमनचा भाऊ, रोखीनेच व्यवहार झाला पाहिजे.

चौथी आणि मुख्य गोष्ट डॉक्टरांची. त्यांनी मूळ नाव लिहिलेच नाही, तर दुकान कितीही चांगले असले तरी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून दुकान उघडण्याआधी परिसरातल्या डॉक्टरांना एकत्र बोलवावे, औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी, त्यांना सर्रास लागणारी औषधे कोणती ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांच्याशी भांडून हे काम होणार नाही, त्यांना बरोबर घेऊनच होईल.

सभासदांनी काय करावे

येत्या गटसभेत पाणी, बेणे, खत आणि तोडणीचा कार्यक्रम यांबरोबर हाही विषय काढावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या गावची सोसायटी यासाठी अर्ज करू शकते का, गाळा कोणता देता येईल, गावात फार्मसी शिकलेले कोण आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे सेक्रेटरींकडून घ्यावीत. ज्यांच्या घरी रक्तदाब, मधुमेह, दमा यांची कायमची औषधे चालू आहेत, त्यांनी महिन्याचा खर्च एका कागदावर मांडून आणावा. दहा घरांचे असे कागद एकत्र आले, की गावातून दर महिन्याला किती पैसा औषधासाठी बाहेर जातो याचा अंदाज येईल, आणि दुकान चालेल की नाही हेही त्यावरूनच कळेल.

भगिनींना आमची वेगळी विनंती आहे. घरातल्या आजाऱ्याचे औषधपाणी तुम्हीच बघता. कोणती गोळी कधी द्यायची ते तुम्हांलाच पाठ असते. औषधांची बिले टाकून न देता एका डब्यात जपून ठेवा. डॉक्टर बदलले तर तीच कामाला येतात, तक्रार करायची झाली तर तीच कामाला येतात, आणि सोसायटीत हिशेब मांडायचा झाला तर तोही त्याच कागदांवर मांडला जाईल.